टेकचा सोमवार

"टेक युवर टाइम," भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला.

"टेक युवर टाइम," सात-आठ जण एका सुरात म्हणाले.

मी सोयगावहून नुकतीच परतले होते. तहसील कचेरीत एका दाखल्यासाठी अर्धा दिवस गेला होता. वर्ग चालू असताना पुढच्या दारातून जायचं नाही हा घरचा नियम, म्हणून मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले, माठातलं पाणी प्यायले आणि पंख्याखाली बसून राहिले. मे महिना होता. आई मेहकरला मावशीच्या आजारपणासाठी गेली होती. बी. एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन मी निकालाची वाट पाहत होते.

फर्दापूरला सोमवार म्हणजे सुट्टी, कारण सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात. त्या दिवशी दुपारी लेण्यांच्या पायथ्याशी दगड, माळा आणि पुस्तकं विकणारी माणसं आमच्या पुढच्या खोलीत इंग्रजी शिकायला येत. बाबा शाळेतून निवृत्त झाल्यापासून हा वर्ग चालवत होते. त्यांची पद्धत ठरलेली होती. एका सोमवारी एकच क्रियापद. ते वाक्य म्हणणार, वर्गानं जसंच्या तसं म्हणायचं, मग बाबा मराठीत त्याची गंमत सांगणार. मध्ये शंका विचारायची नाही. "आधी जीभ वळू द्या, डोकं मागून येईल," असं ते म्हणत. वर्गाला ही सवय इतकी लागली होती की एकदा बाबा मध्येच "अरे, ती खिडकी लावा" म्हणाले, तर सगळ्यांनी "अरे, ती खिडकी लावा" म्हटलं होतं आणि खिडकी कुणीच लावली नव्हती.

आज टेक होतं, म्हणजे घेणे. टेक बाबांचं लाडकं. वर्षातून एकदा त्याची पाळी यायची आणि लहानपणापासून ऐकून मलाही तो सगळा धडा पाठ होता. "आपण चहा घेतो, तेही घेतात. इथवर ठीक," बाबा सांगायचे. "पण आपण फोटो काढतो, ते फोटो घेतात. आपण परीक्षा देतो, ते परीक्षा घेऊन मोकळे. आपल्याला डोंगर चढायला वीस मिनिटं लागतात, त्यांचा डोंगर वीस मिनिटं घेतो. इतकं सगळं घेणाऱ्या लोकांना हा शब्द लागणारच की." यावर सगळे हसत. त्या हसण्यात रज्जाकभाईंचा आवाज सगळ्यात मोठा असे.

सव्वाचारला लोडशेडिंग सुरू झालं. माझ्या डोक्यावरचा पंखा थांबला, आणि तिकडे एकदम हशा पिकला. मी कणीक भिजवायला घेतली.

"टेक द लेफ्ट पाथ."

"टेक द लेफ्ट पाथ."

पंखा नसल्यामुळे आता सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. मी ऐकत नव्हते, कानावर पडत होतं एवढंच. कणीक झाली, भाजी चिरून झाली. मग माझ्या लक्षात आलं की बराच वेळ एकच वाक्य चाललं आहे. "टेक द लेफ्ट. टेक द लेफ्ट." पुन्हा तेच. बाबा वाक्य तीनदा म्हणून घेत, त्याहून जास्त नाही. मी हात थांबवले.

"टेक द टेक," बाबा म्हणाले.

"टेक द टेक," वर्ग म्हणाला.

"टेक द. द टेक द."

"टेक द. द टेक द."

मी भाजीच्या हातांनीच दारापाशी गेले. बाबा फळ्याला टेकून उभे होते. उजवा हात खाली लोंबत होता आणि त्यातला खडू जमिनीवर पडलेला होता. चेहऱ्याची उजवी बाजू पुसल्यासारखी झाली होती. डोळे मात्र नेहमीचे होते, वर्गाकडे लावलेले, पुढचं वाक्य सांगण्याच्या तयारीत. समोर सतरंजीवर सगळे ताठ बसले होते. सुपडू, रज्जाकभाई, विमलबाई, आणखी चार-पाच जण. प्रत्येकाची नजर बाबांच्या ओठांवर होती.

"टेक," बाबा म्हणाले.

"टेक," सगळे म्हणाले.

मी चौकट धरून उभी राहिले. माझ्याकडे पहिल्यांदा विमलबाईंचं लक्ष गेलं, आणि माझा चेहरा पाहून त्या उठल्या.

गावातले डॉक्टर दोन घरं सोडूनच राहत. त्यांनी बाबांना हात वर करायला सांगितलं, हसायला सांगितलं, आणि लगेच माझ्याकडे वळून म्हणाले, "लकवा आहे. इथं काही होणार नाही. जळगावला न्या, थांबू नका." त्यांनी एका खाजगी दवाखान्याचा नंबर लिहून दिला. "मेंदूच्या डॉक्टर आहेत, वायकोळे मॅडम. त्यांच्याकडे गुठळी विरघळवायची सुई आहे. वाटेतच फोन कर."

रज्जाकभाईंची जीप दारात उभी होती. दगडांच्या पेट्या उतरवून मागच्या सीटवर बाबांना आडवं केलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर, पाय विमलबाईंच्या. पुढे रज्जाकभाईंच्या शेजारी सुपडू बसला. तो पंचविशीचा, लेण्यांची माहितीपुस्तकं विकणारा. एरवी त्याच्या तोंडात सतत काहीतरी असे आणि तोंड बंद नसे. त्या दिवशी गप्प होता.

जळगावचा रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं. अर्धा रस्ता खणलेला, उरलेल्या अर्ध्यावर ट्रक. गाडी खड्ड्यात आदळली की बाबांचं डोकं माझ्या हातात हलायचं. ते माझ्याकडे बघत होते. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, ते दिसत होतं. ओठ हलायचे आणि "टेक" एवढंच बाहेर यायचं. ते स्वतःच ऐकून दचकल्यासारखे व्हायचे, पुन्हा प्रयत्न करायचे, पुन्हा "टेक". ज्या माणसाला शब्दाशब्दामधला फरक सांगताना मी आयुष्यभर ऐकलं होतं, त्याच्याजवळ एकच शब्द उरला होता.

मी फोन लावला. गाडीच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला.

"शेवटचे नीट कधी होते?" डॉ. वायकोळेंनी पहिला प्रश्न विचारला.

"दुपारी. आम्ही बरोबर जेवलो. एकच्या सुमाराला ते झोपले आणि मी सोयगावला गेले."

"उठल्यावर बोललात त्यांच्याशी?"

"नाही. मी आले तेव्हा वर्ग चालू झाला होता. पण ते शिकवत होते, मॅडम. मी स्वतः ऐकलं. इंग्रजी वाक्यं अगदी बरोबर येत होती."

"नवीन वाक्यं की नेहमीची?"

"नेहमीची. दर वर्षी हाच धडा असतो."

"मग ते धरता येणार नाही मला. वर्षानुवर्षं पाठ असलेलं बोलणं झटका आल्यावरही चालू राहू शकतं. माणसं अंक म्हणतात, प्रार्थना म्हणतात, आणि स्वतःचं नाव सांगता येत नाही. नीट ऐका. झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत सुई देता येते. उशीर झालेल्या माणसाला दिली तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, तो जाऊ शकतो. झटका झोपेत आला असेल तर झोपायला गेले ती वेळ धरावी लागते. ती धरली तर तुमचे साडेचार तास जवळजवळ संपलेच."

"मग काय करायचं?"

"उठल्यानंतर ते पाठ नसलेलं काही बोलले का ते शोधा. त्या वेळेला, त्या माणसाला साजेसं एखादं वाक्य. मराठीत, कुणाला उद्देशून. एक खात्रीचं वाक्य मिळालं तर तिथून वेळ धरते. नाहीतर माझ्या हातात काही नाही. मी सीटी स्कॅनची तयारी ठेवते."

फोन बंद झाला. मी विचारलं, "रज्जाकभाई, आज सर मराठीत काय बोलले?"

रज्जाकभाई समोरच्या ट्रकला हॉर्न देत होते.

"सुपडू? विमलबाई?"

"थांब बेटा," विमलबाई म्हणाल्या. "नीट आठवू दे. उगं काही तोंडातून जायला नको."

पहूर गेलं, नेरी गेलं. बाबांचे डोळे मिटू लागले की मी त्यांच्या गालावर थोपटायचे, कारण ते झोपले तर परत उठणार नाहीत असं काहीतरी माझ्या मनानं घेतलं होतं. त्याला काही शास्त्रीय आधार नव्हता. मी भौतिकशास्त्र शिकलेली मुलगी. ठोक्याठोक्याला त्यांची नाडी मोजत होते, आणि त्या आकड्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

दवाखान्यात स्ट्रेचर तयार होतं. मी त्याच्यासोबत आत गेले. डॉ. वायकोळे चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, भराभर चालणाऱ्या बाई होत्या. त्यांनी बाबांना किल्ली दाखवून विचारलं, "हे काय आहे?" बाबांनी किल्लीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सीटीच्या दाराआड त्यांना नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "रक्तस्राव नसेल असं धरून चालू. फोटो स्वच्छ आला तर प्रश्न फक्त वेळेचा. तुमची माणसं बाहेर आहेत ना? विचारा. घाई करा, पण खोटं नको."

मी बाहेर आले. तिघं जिन्याजवळ उभे होते. मी काही विचारण्याआधीच रज्जाकभाई म्हणाले, "आठवलं ताई. लाइट गेली ना, पंखा थांबला. तेव्हा सर म्हणाले, पंख्यानं सुट्टी घेतली."

"पंख्यानं सुट्टी घेतली," सुपडू म्हणाला.

"हो, पंख्यानं सुट्टी घेतली असंच म्हणाले," विमलबाई म्हणाल्या.

हे वाक्य बाबांचंच होतं. घेण्यावरचं, त्या क्षणी सुचलेलं, धड्यात नसलेलं. आणि तो हशा मी स्वतः भिंतीपलीकडून ऐकला होता. सव्वाचारपासून मोजलं तर अजून वेळ होता, भरपूर होता.

मी वळले, आणि दारापाशी थांबले. माझ्या कानात ते तीन आवाज एकामागोमाग एक तसेच वाजत होते. एकानं म्हटलं, दुसऱ्यानं म्हटलं, तिसरीनं म्हटलं. दोन तासांपूर्वी याच माणसांनी माझ्या वडिलांचं तुटलेलं बोलणं तितक्याच खात्रीनं म्हणून दाखवलं होतं. ही साक्ष तीन जणांची नव्हती. ती एकाचीच होती आणि बाकीचे दोघं वर्गात बसले होते.

प्रयोगशाळेत आमचे सर म्हणायचे, शेजाऱ्याच्या वहीत डोकावून घेतलेलं माप मोजू नका. एकच गोष्ट तिघांनी वेगवेगळी मोजली तरच ती तीनदा मोजली.

"रज्जाकभाई, तुम्ही इथंच थांबा," मी म्हटलं. "सुपडू, तू खाली जीपपाशी जा. विमलबाई, तुम्ही त्या बाकावर. मी एकेकाला विचारते. एकमेकांशी बोलू नका."

सुपडूनं रज्जाकभाईंकडे पाहिलं. "पोलिसासारखं काय करता ताई?"

"तू जा," रज्जाकभाई म्हणाले. "ताई म्हणते तसं कर."

मी पहिल्यांदा रज्जाकभाईंना विचारलं. ते पन्नाशीचे, अंगानं मोठे, स्फटिकाचे दगड विकणारे. त्यांच्या कपाळावर घाम होता. "पंखा थांबला. सर वर बघून म्हणाले, पंख्यानं सुट्टी घेतली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, रज्जाक, हा तुझाच भाऊ दिसतो. मागच्या सोमवारी मी आलो नव्हतो ना."

"तुमच्याकडे बोट केलं का?"

"बोट... हो. खडूच्या हातानं."

"उजव्या?"

"ते नाही बघितलं मी."

मग विमलबाईंकडे गेले. त्यांनी पदर तोंडाला धरला होता. पन्नाशीच्या पुढच्या, माळा विकणाऱ्या. बाबांच्या वर्गातल्या एकट्याच बाई. "पंख्याचं म्हणाले, ते मी ऐकलं. पण लाइट गेल्या गेल्या नाही. थोडं थांबून. आम्ही एक वाक्य म्हटलं मध्ये, फोटोचं. मग ते म्हणाले."

"रज्जाकभाईंना काही म्हणाले?"

"हसले त्याच्याकडं बघून. काय म्हणाले ते काय मला कळलं नाही."

मी जिना उतरून जीपपाशी गेले. सुपडू बॉनेटला टेकून उभा होता. मला बघून सरळ झाला. "एक गोष्ट सांगू का? वर सगळ्यांसमोर सांगायची नव्हती," तो म्हणाला. "लाइट गेली तेव्हा माझ्या तोंडात गुटखा होता. उन्हामुळे खिडक्या लावलेल्या, खोलीत अंधारलं म्हणून मला वाटलं सरांना दिसणार नाही. तर सर म्हणाले, सुपडू, आधी बाहेर जाऊन थुंकून ये, मग इंग्रजी बोल. मी गेलो. आलो तर सगळे हसत होते. पंख्याचं मी नंतर ऐकलं, दुसऱ्यांकडून."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तिघांचं तपशिलात जुळत नव्हतं, आणि म्हणूनच ते मला खरं वाटलं. खऱ्या मापांत थोडा फरक असतोच. तंतोतंत सारखी मापं आली की समजावं, कुणीतरी उतरवून घेतली आहेत. इथं फरक होता, आणि मधली गोष्ट एकच होती: लाइट गेल्यानंतर बाबा मराठीत, माणसाला ओळखून, शहाण्यासारखं बोलले होते.

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. डॉ. वायकोळे काळ्या फिल्मसमोर उभ्या होत्या.

"फोटोत अजून काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "सांगा."

मी सगळं सांगितलं, क्रमानं, कोण काय म्हणालं ते वेगवेगळं करून. त्यांनी मध्ये तोडलं नाही.

"वेगवेगळं विचारलंत?"

"हो."

"आणि हसण्याचा आवाज तुम्ही स्वतः ऐकलात."

"हो. पंखा थांबला तेव्हाच."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे बघा, वेळेत देऊनही शंभरात पाच-सहा जणांना रक्तस्राव होतो. वेळ चुकली असेल तर जास्त. देऊन काही झालं तर ते माझ्या हातून होईल, पण तुमच्या शब्दावर होईल. न देता ठेवलं तर जगतील बहुतेक, पण हे बोलणं आणि हा हात किती परत येईल ते सांगता येत नाही. सव्वाचार लिहू?"

मी टेबलाची कड धरली. आईला विचारायला हवं होतं, पण तिचा फोन लागत नव्हता. मी बावीस वर्षांची होते, आणि आतल्या खोलीत माझे वडील छताकडे बघत पडले होते. त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांच्याजवळचं उत्तर मला आधीच माहीत होतं, ते कुठल्याही प्रश्नाला तेच होतं.

"लिहा," मी म्हटलं. सही करताना मला माझं नाव आठवावं लागलं.

सुई द्यायला तासभर लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं टोचतील आणि होईल. थोडं औषध एकदम, बाकीचं पंपातून हळूहळू. मी काचेबाहेर उभी होते. परिचारिका दर थोड्या वेळानं बाबांच्या डोळ्यांत उजेड मारून बघत होती. एकदा बाबांनी कपाळाला डावा हात लावला, आणि परिचारिका धावत डॉक्टरांना बोलवायला गेली. डोकं दुखणं हे रक्तस्रावाचं पहिलं लक्षण असतं, हे तोवर मला कुणीतरी सांगितलं होतं. त्या दोन-तीन मिनिटांत मी मनातल्या मनात सही परत घेतली, कागद फाडला, बाबांना घरी नेलं. डॉक्टर आल्या, वाकल्या, काही विचारलं. मग माझ्याकडे बघून त्यांनी हातानंच सांगितलं, काही नाही.

मागे वळून पाहिलं तर तिघं भिंतीला पाठ लावून उभे होते. कुणीही बसलं नव्हतं. रज्जाकभाईंचे ओठ हलत होते. सुपडू रडत होता, मोठ्या माणसासारखं नाही, नाक ओढत. मला त्या वेळी वाटलं, किती जीव आहे यांचा बाबांवर.

सकाळी बाबांनी उजव्या हाताची दोन बोटं हलवली. आई दुपारी पोचली, तिला पाहून त्यांनी तिचं नाव घेतलं, अर्धंच, पण बरोबर. शब्द परत यायला पुढे महिने लागले. आधी मराठी आली, मग हळूहळू इंग्रजी. उजव्या हातात जोर पुरता आला नाही, वर्ग बंद झाला. पण ते चालायचे, वाचायचे, आईशी भांडायचे.

ही गोष्ट मी पुढे बऱ्याच वेळा सांगितली. मी एम. एस्सी. केलं, हैदराबादला एका प्रयोगशाळेत लागले. नवीन मुलं आली की त्यांना निरीक्षण म्हणजे काय हे सांगताना मी त्या तिघांची गोष्ट सांगत असे: गर्दीला विचारलं तर एकच उत्तर मिळतं, वेगवेगळं विचारलं तर खरं मिळतं. मुलांना गोष्ट आवडायची.

सहा वर्षांनी, एका डिसेंबरात, मी घरी गेले होते. सकाळी बाबांबरोबर लेण्यांच्या पायथ्यापर्यंत फिरायला गेले. बाबा ओळखीच्या पुस्तकवाल्याकडे रेंगाळले आणि मी विमलबाईंच्या दुकानापाशी थांबले. त्यांनी स्टूल पुढे केलं, चहा मागवला. रज्जाकभाई वारल्याचं मला कळलं होतं. मी त्यांच्याबद्दल विचारलं, आणि बोलता बोलता विमलबाईंना सांगितलं की तुमची तिघांची गोष्ट मी हैदराबादला मुलांना शिकवते. कशी शिकवते तेही सांगितलं. तिघांना वेगळं बसवलं होतं ना, ते.

विमलबाई माळा ओवत होत्या. हात थांबला.

"हे तू पोरांना शिकवते?"

"हो. का?"

त्यांनी अर्धी माळ बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "रज्जाक गेला आता. सांगायला हरकत नाही. तू सरांना घेऊन आत गेलीस ना, तेव्हा आम्ही खाली जीपपाशी ठरवलं."

"काय ठरवलं?"

"काय सांगायचं ते. फोनवर डॉक्टरबाई बोलल्या ते ऐकलं होतं आम्ही. एक वाक्य पाहिजे. रज्जाक म्हणाला, ताई हुशार आहे, वेगवेगळं विचारेल. मग प्रत्येकानं थोडं मागंपुढं सांगायचं. तीन दुकानांत एकच भाव सांगितला की गिऱ्हाइकाला कळतं, हे ठरवून आलेत. थोडा थोडा वेगळा सांगितला की त्याला वाटतं, हा खरा बाजारभाव."

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला. "पण पंखा... मी हसणं ऐकलं होतं."

"ते रज्जाक म्हणाला होता. त्याची जीभ तशीच. आम्ही त्याला हसलो."

"आणि सुपडूचा गुटखा?"

"तो त्याच्या आधीच्या सोमवारचा."

"मग बाबा काय बोलले? मराठीत काय बोलले त्या दिवशी?"

विमलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काहीच नाही, बेटा. आल्यापासून काहीच नाही. आधीच्या सोमवारी म्हणाले होते, आता तुम्ही तयार झालात, यापुढं वर्गात मराठी बंद. आम्हाला वाटलं, आजपासून बंद केलं. म्हणून तर कुणाला काही वेगळं वाटलं नाही. नमस्कार केला तरी मान नुसती हलवली त्यांनी."

लेण्यांकडून एक बस आली, माणसं उतरली. विमलबाईंनी सवयीनं दोन माळा हातात घेतल्या आणि परत ठेवल्या.

"खरं सांगितलं असतं तर ती सुई दिली असती का त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"नसती."

"मग."

"विमलबाई, त्या सुईनं ते मेले असते. तुम्हाला माहीत होतं ते. फोनवर ऐकलं होतं तुम्ही."

"हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बसलो नाही आम्ही. ते आतून बाहेर येईपर्यंत."

रस्त्यापलीकडे बाबा डाव्या हातात एक पुस्तक धरून दुकानदाराशी घासाघीस करत होते, मोठ्यानं, मराठीत. मग त्यांनी मला हाक मारली. ऊन चढायच्या आत निघू, म्हणाले. मी हो म्हटलं, पण स्टुलावरून उठले नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. विमलबाईंनी माझ्या दंडाला धरलं आणि त्यांना ओरडून सांगितलं, "येते सर ती. चहा गरम आहे, पिऊ द्या."